सुरतेवरून जाणारी बोट

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाला बढती मिळाली आणि त्याच्या डोक्यात बोट शिरली. तो पुण्याला एका कंपनीत असतो. सुटीत बुरहानपूरला घरी आला, फराळाला बसला आणि चकली मोडता मोडता म्हणाला, यंदा सगळ्यांनी मिळून क्रूझला जायचं. सगळे म्हणजे तो, त्याची बायको, त्यांची सात वर्षांची मुलगी, मी आणि आई. क्रूझ म्हणजे काय, असं आईने विचारलं. भाचीने तिला मोबाईलवर दाखवलं. एवढी मोठी इमारत पाण्यावर उभी आहे आणि तिच्या गच्चीवर पोरं घसरगुंडीवरून पुन्हा पाण्यातच पडताहेत, हे आईने चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मग ती आत गेली आणि तिने चहा ठेवला.

आमच्या घरात पाण्याचा विषय निघाला की कोणीतरी उठून आत जातं. तेवीस वर्षांपूर्वी आमचे वडील तापीच्या पुरात गेले. केळीच्या एका व्यापाऱ्याकडे ते मुनीम होते. त्या दिवशी दापोऱ्याकडचा माल बघून परत येत होते. रपट्यावर, म्हणजे नदीवरच्या त्या बुटक्या पुलावर, नुकतंच पाणी चढलं होतं. पलीकडच्या लोकांनी हात करून थांबवलं, तरी त्यांनी स्कूटर घातली. घरी पोचायची घाई होती म्हणावं तर घरी काहीही नव्हतं, साधं वरण-भात होतं. स्कूटर तिसऱ्या दिवशी गाळात सापडली. बाबा सापडले नाहीत, असं आमच्या घरात म्हटलं जातं.

भावाचा मला रागच आला. ज्या घरातला माणूस पाण्याने नेला, त्या घराला हा गडी पाण्यावर सहलीला न्यायला निघाला होता. पण तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या लेखी बाबा म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि स्कूटरवर पुढे उभं करून नेणारा कोणीतरी. समुद्र म्हटल्यावर त्याला तापी आठवत नाही, यात त्याचा दोष नाही. मी गप्प बसले. गप्प बसण्याचा मला सरावही भरपूर आहे.

दिवाळी संपली, तो पुण्याला गेला आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल सुरू झाले. दोन कंपन्या होत्या. एक परदेशी. तिचं जहाज सिंगापूरहून निघणार, चार रात्री इकडेतिकडे फिरवून पुन्हा सिंगापूरला आणून सोडणार. त्यावर सिनेमागृह, बाजार, तीन पोहण्याचे तलाव आणि भाचीची ती घसरगुंडी. दुसरी कंपनी देशी. तिची बोट मुंबईहून निघून सुरतेजवळच्या एका बंदरात काही तास थांबणार, मग दीवला जाऊन परत. बोट जुनी, रंग तेवढा नवा. जाऊन आलेल्या एका माणसाने नेटवर लिहिलं होतं की जेवण फार छान, लिफ्ट बंद.

भावाने फोनवर तक्ताच पाठवला. एका बाजूला परदेशी, दुसऱ्या बाजूला देशी, आणि मध्ये खिडकी, जेवण, दिवस, करमणूक असे रकाने. भावजयीला खिडकीची खोली हवी होती, भाचीला घसरगुंडी. मी देशी बोटीच्या बाजूने होते. आईचे गुडघे दुखतात, तिने आयुष्यात विमान पाहिलेलं नाही, आणि सिंगापूरला जायचं तर तिचा पासपोर्ट काढावा लागणार. मी अठरा वर्षं शाळेत शिकवते आहे. मुद्दे मांडायची सवय जात नाही. भाऊ म्हणाला, "ताई, तू न पासपोर्टचं टेन्शन मत ले, अपने बुधवाऱ्यातच बनवून देतात." आई बाजूला बसून ऐकत होती. बाबांच्या फोटोपेक्षा ती आता वीस वर्षांनी मोठी दिसते.

नातीचं मन मोडू नये म्हणून आईच शेवटी म्हणाली, पासपोर्ट तर काढून ठेवू, मग बघू. म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला बुधवारा पेठेतल्या त्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार मूळचा चारधामच्या बसगाड्यांचा माणूस. आता आधार, पॅन, पासपोर्ट, रेल्वे आरक्षण आणि बोटीची सफर, सगळं एकाच पाटीवर. समुद्र त्याने स्वतः कधी पाहिलेला नव्हता, पण आईला त्याने खात्री दिली की जहाजावर कांदा-लसूण नसलेलं जेवण वेगळं मिळतं आणि सकाळी आरतीही लावतात. आरतीचं त्याने जागच्या जागी रचलं असणार. आईला तो आवडला.

मग तो फॉर्म भरायला लागला. आईचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव. नवऱ्याचं नाव. आईने नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं. त्याने टाइप केलं आणि विचारलं, स्वर्गीय लावू का. त्याने मान वर करून आईच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"दीदी, शादीशुदा या विधवा, दोनों में से एक ही टिक होगा," तो मला म्हणाला, अगदी सौम्यपणे.

आई उठली. पिशवी उचलून म्हणाली, "घरी चाल."

रस्ताभर ती माझ्या दोन पावलं पुढे होती. गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत.

हे कुंकू-मंगळसूत्राचं सांगायला हवं. आमच्याकडे माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं त्याची वाट बघतात. त्या काळात बायको सवाष्णच राहते. बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, तो माणूस आहे असं समजून त्याला अग्नी देतात, आणि मग दहावं-तेरावं सगळं रीतसर. बारा वर्षं झाली तेव्हा काका गुरुजींना घेऊन घरी आले होते. पळसाची पानंही जसोंडी गावाहून कोणाकडून तरी मागवून ठेवली होती. आईने दोघांना चहा दिला आणि विचारलं, "कोणी पाहिलं काय त्यायले? पाहिलं असेल तर जाळा." काकांनी खाली बघितलं. मीही खाली बघितलं. पानं तशीच वाळली.

त्यामुळे आई अधांतरी राहिली. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की गल्लीतल्या बायकांची पंचाईत व्हायची. बोलवावं तर कसं आणि टाळावं तर कसं. पहिली काही वर्षं बोलवायच्या. पुढे निरोप यायचा थांबला, पण आई समोर दिसली की बायका घाईघाईने पदर सावरून तिच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. आईने स्वतःच जाणं सोडून दिलं. कुंकू मात्र सोडलं नाही. पितृपक्षात शेजारीपाजारी पानं वाढली जायची, कावळ्यांना हाका मारल्या जायच्या, आणि आमच्या घरात साधी भाजी-भाकरी व्हायची, कारण जिवंत माणसाचं श्राद्ध करत नाहीत. निवडणूक आली की आई बाबांची मतदार-चिठ्ठी घेऊन केंद्रावर जायची, त्यांच्या नावावर दुसऱ्या कोणी मत टाकलं नाही ना, हे विचारायला. पुढे यादीतून नाव गेलं तेव्हा ती त्या बाबूशी भांडली. मी तिला हाताला धरून घरी आणलं.

हे सगळं मी थांबवू शकले असते. कोणत्याही वर्षी, कोणत्याही दिवशी, एका वाक्यात. कारण बाबा सापडले होते आणि ते मी पाहिले होते.

चौथ्या दिवशी खालच्या धरणावरून निरोप आला होता. धरण महाराष्ट्राच्या हद्दीत. तिथे जाळीला एक माणूस लागला आहे, घरच्यांनी येऊन बघावं. आई तापाने फणफणलेली होती, चार दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. काका निघाले आणि मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. मी एकोणीस वर्षांची होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि आपल्याला सगळं झेपतं अशी माझी समजूत होती. एका पत्र्याच्या खोलीत नेलं. काका दारातच थांबले, नाकाला रुमाल लावून, तोंड फिरवून. ते म्हणाले, पोरी, तूच बघ, माझ्याच्याने होणार नाही. हवालदाराने चादर बाजूला केली.

चेहऱ्याचं मी सांगणार नाही. चेहऱ्यावरून कोणीच काही सांगू शकलं नसतं, म्हणून तर विचारत होते. पण अंगात शर्ट होता. त्याचं तिसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. ते मी शिवलं होतं, बाबा निघायच्या आधी, घाईत, पांढरा दोरा संपला होता म्हणून. बाबा तेव्हा म्हणाले होते की चालतंय, केळी काय माझ्या बटणाकडे बघणार आहेत.

हवालदाराने विचारलं, हेच का. मी म्हटलं, नाही.

का म्हटलं, याची मी स्वतःला इतक्या वर्षांत पुष्कळ कारणं दिली. आई आजारी होती, तिला तो धक्का सोसला नसता. भाऊ लहान होता. काही काळ मी हेही पटवून घेतलं की काळा दोरा दुसऱ्याच्याही घरात असतो. खरं कारण एवढंच की मला ते बाबा नको होते. त्या चादरीखालचे बाबा घेऊन मला घरी जायचं नव्हतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, सुटल्यासारखा श्वास सोडला आणि कागदावर सही केली. मीही केली. परतताना आम्ही रस्त्यात चहा प्यालो, आणि तो मला गोड लागला. याची लाज मला अजून वाटते.

घरी आले तेव्हा आई भिंतीला धरून दारात उभी होती. काकांनी मान हलवली. आई आत गेली, तिने पीठ मळलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास खाल्ले. मी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ती न्हाली, तिने देवापुढे दिवा लावला. मग वाटलं, ताप उतरू दे. मग वाटलं, भावाची परीक्षा होऊ दे. असं करता करता बाराव्या वर्षी गुरुजी आले तेव्हा तर वेळ कधीच निघून गेली होती. काकांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. तेही आता नाहीत. माझं लग्न झालं नाही. दोन-तीन ठिकाणं चालून आली होती. आईला सोडून कशी जाऊ, असं मी सगळ्यांना सांगायचे आणि लोक मला गुणाची पोर म्हणायचे. अजूनही कोणी पुरुष समोर आला की माझी नजर आधी त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर जाते. पालकसभेला शंभर बाप येतात, मी शंभर बटणं बघते. कधी वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहीत असते आणि पक्कं वाटतं की मागच्या बाकावर कोणीतरी भिजलेल्या कपड्यांनी येऊन बसलं आहे. मी वळत नाही. ओळ पूर्ण करते, मग वळते.

तर पासपोर्टचं तिथेच राहिलं. रविवारच्या कॉलवर मी भावाला म्हटलं, सिंगापूर रद्द, आईला फॉर्म भरायचा नाही. मला वाटलं होतं बोटीचं खूळच संपेल. पण आई माझ्या खांद्यावरून पुढे झाली आणि तिने विचारलं, ती दुसरी बोट सुरतेवरून जाते का. भाऊ खूश झाला. त्याने स्क्रीनवर नकाशा दाखवला, मुंबईहून निघालेली निळी रेघ वर सुरतेजवळ टेकून दीवकडे वळलेली. आईने चष्मा लावून ती रेघ नीट बघितली. मग ती म्हणाली, "हीच बोट. मले दुसरी नको."

भावजयीलाही पटलं, सुट्या कमी लागणार होत्या. भाची रडली. मलाच कळेना की आईला सुरतेचं काय पडलं आहे. आमचं तिथे कोणी नाही.

ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी शाळेतून आले तर आई माझी पाचवीची जुनी वही काढून बसली होती. कसलाच कागद न टाकणारी बाई आहे. वहीत मी नद्यांचा नकाशा काढला होता. तिने बोट ठेवून दाखवलं. तापी इथून निघते, आपल्या दाराशी येते, खाली जाते आणि सुरतेपाशी समुद्रात पडते. "जे गेलं ते इथंच गेलं असेल ना," ती म्हणाली. तिने सगळं ठरवलं होतं. बोट तिथे पोचली की मंगळसूत्र काढून पाण्यात सोडायचं. मूठभर तीळ बरोबर घ्यायचे, भावाच्या हाताने पाणी द्यायचं. मग परत आल्यावर गुरुजींना बोलावून पळसाच्या पुतळ्याचंही करून टाकायचं. तिने हे भाजीचं सांगावं तसं सांगितलं. तिला आता सुटायचं होतं. फॉर्मवरच्या त्या दोन चौकोनांनी तिला दुकानात जे विचारलं, त्याचं उत्तर तिने स्वतःच्या पद्धतीने शोधून काढलं होतं.

मी काही केलं नसतं तरी सगळं नीट पार पडलं असतं. फक्त गप्प बसायचं होतं. पण बाबा समुद्रात गेलेच नव्हते. ते धरणापाशी थांबले होते, आणि आई मंगळसूत्र नुसत्या पाण्यात सोडणार होती, आणि मी शेजारी कठड्याला धरून उभी राहणार होते. ते चित्र मला सहन झालं नाही. मग मी जे करायचे तेच केलं. सरळ बोलायचं सोडून वाकड्यात शिरले. पुढच्या रविवारी मी सिंगापूरच्या बाजूने बोलायला लागले.

मी म्हटलं, ती देशी बोट फार जुनी आहे. लिफ्ट बंद असते, आईने जिने कसे चढायचे. आयुष्यात एकदा जायचं तर नीट जाऊ. घसरगुंडीचीही मी बाजू घेतली. भाची आनंदाने टाळ्या पिटायला लागली. भावाने माझ्याकडे असं बघितलं की मला चढलीच आहे. तो म्हणाला, "अगं ताई, पहले तूच बोलली होती ना, आईचे घुटने, आईचा पासपोर्ट. अब अचानक क्या हुआ?" मी चिडले. माझा आवाज शाळेतल्यासारखा चढला. मी म्हटलं की तुला कशाचं काही पडलेलं नाही, तू फक्त तक्ते पाठव. त्याने फोन ठेवला. आई माझ्याकडे बघत होती. ती रागावली नव्हती. ती काहीतरी जुळवत होती.

संक्रांत दोन दिवसांवर होती. दुपारी आई गच्चीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले आणि शेंगा सोलायला लागले. खाली गल्लीत पतंगांचा आरडाओरडा चालू होता. मग तिने विचारलं की इथून सुरतेपर्यंत मध्ये धरणं किती आहेत. मी सांगितलं. तिने विचारलं की पुरात दरवाजे उघडतात ना, मग माणूस पुढे जातो ना. मी म्हटलं, जात असेल. तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"तू गेली होतीस तेव्हा धरणावर. तो माणूस दुसराच होता ना? पक्कं सांग मले. मी काही बोलणार नाही."

मी सांगितलं. बटणाचं सांगितलं, काळ्या दोऱ्याचं सांगितलं, चहा गोड लागला तेही सांगितलं. सांगताना मी रडेन असं मला नेहमी वाटायचं, पण रडू आलं नाही. वर्गात धडा सांगावा तसा माझा आवाज सपाट होता आणि मला त्याचा तिटकारा आला. आईने मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. चार-पाच शेंगा सोलल्या. दाणे ताटात पडताना आवाज येत होता. मग ती माझ्याकडे न बघता बोलली.

"रोज कुंकू लावायची मी. तू रोज पाहत होतीस."

मला वाटलं ती आता मला गच्चीवरून खाली जा म्हणेल, किंवा पुन्हा कधी बोलणारच नाही, आणि तिने तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने तसं केलं नाही. तिने हात झटकले, पदराने पुसले, आणि पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली की इतकी वर्षं तिला एकच भीती होती. पाण्यात माणसाला मासे खातात. काठाला लागला तर कुत्री येतात. आंघोळ करतानाही तिला ते दिसायचं. तिने कधी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते गेले हे मान्य केल्यासारखं झालं असतं.

"मग त्या लोकांनी त्यायले अग्नी दिला होता ना?"

मला माहीत नव्हतं. बेवारस माणसाचं पोलीस काय करतात, जाळतात की पुरतात, हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. त्या खोलीतून बाहेर पडताना हवालदार काकांना काहीतरी सांगत होता, आणि मी मुद्दाम पुढे निघून गेले होते. आई माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी दारात भिंतीला धरून उभी होती तेव्हा ती अशीच बघत होती.

मी म्हटलं, हो.

तिने डोळे मिटले. खांदे खाली आले. मी तिला इतकं सैल झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, बरं झालं. दोनदा म्हणाली. मग ती रडली, आणि मीही रडले, आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवला म्हणून मला जास्त रडू आलं.

भावाला तिने स्वतः फोन केला. मी समोर बसले होते. ती म्हणाली की धरणाकडचा एक जुना माणूस बाजारात भेटला, त्याने तुझ्या बाबांचं सांगितलं, पाणी उतरल्यावर तिथल्याच लोकांनी रीतसर सगळं केलं होतं. माझं नाव तिने घेतलं नाही. इतक्या सहज खोटं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी होतं. भाऊ फोनवर लहान पोरासारखा रडला. मग तो म्हणाला, आता सहल नको. आई म्हणाली की का नको, पोरीला घसरगुंडी पाहिजे ना, मग ती मोठीच बोट घे. मले आता सुरतेला काही काम नाही.

संक्रांत झाल्यावर गुरुजी आले. आता हे काकांच्या वेळचे नव्हेत, त्यांचे चिरंजीव. त्यांनी सांगितलं की देहाला अग्नी मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा लागतो. मिळाला असेल तर पुतळा करत नाहीत, ते बरोबर नाही, एकाच माणसाला दोनदा जाळणं होतं. मग फक्त तिळाचं पाणी आणि श्राद्ध. त्यांनी आम्हा दोघींकडे बघून विचारलं, अग्नी मिळाल्याचं नक्की आहे ना. पानं मिळायला सोपी आहेत, ते म्हणाले, दोन दिवसांत येतील.

"मिळाला," आई म्हणाली. "ही सांगते ना."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी वहीत श्राद्धाची तिथी लिहिली आणि पुतळ्याची ओळ खोडली.

श्राद्ध झालं. आईने मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं. पासपोर्टचा फॉर्म तिने स्वतः त्या दुकानात जाऊन भरला, चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा पती कुठे आहेत याचं उत्तरही तिनेच दिलं. आता ती गल्लीत सगळ्यांशी बोलते. भाचीला फोनवर विचारते की बोटीवर बर्फाचा गोळा मिळतो का. होळीनंतर, भाचीची परीक्षा संपली की आम्ही निघणार आहोत. आईला खिडकीची खोली मिळाली आहे, आणि तिने सांगितलं आहे की ती माझ्याबरोबर राहील.

धरणाजवळचं ते पोलीस ठाणं अजून तिथेच आहे. जुनी दप्तरं ठेवतात म्हणे. सकाळच्या गाडीने गेलं तर संध्याकाळपर्यंत परत येता येतं. जाळलं की पुरलं, एवढंच विचारायचं आहे, आणि पुरलं असेल तर पळसाची पानं दोन दिवसांत मिळतात. श्राद्धानंतर पाच रविवार गेले. मी गेलेली नाही.